तुझ्या पट्ट्यावर टेकलेली माती

सुरेशचे आई,

वाडीनं तुला देव केलंय. मोठ्या ऐनाच्या बुंध्याला हळदकुंकू लागलंय. कोणीतरी फांदीला खण बांधलाय. परवा वरचा डोंगर सुटला आणि तुझ्या झाडांना येऊन थांबला, म्हणून हे सगळं. एकाही घरावर चिखल आला नाही. लोक म्हणतात, वहिनीनं वाडी राखली. तू असतीस तर झाडाखालचा नारळ उचलून चटणीला घेतला असतास, आणि खणाचं पायपुसणं केलं असतंस.

मला मात्र भीती वाटते. अशी भीती मला तुझ्या आजारपणातही वाटली नव्हती. तेव्हा निदान ठाऊक होतं काय होणार ते.

म्हणून हे लिहितो. शाळेच्या ओट्यावर बसून लिहितो. आपल्या घरात नाही. का, ते पुढं सांगतो. घाई करू नको, तुला कधी पूर्ण ऐकायची सवय नव्हती.

आधी एक स्पष्ट करतो. तू गेलीस म्हणून माझं मत बदललं असं समजू नको. राब भाजल्याशिवाय आपल्याकडं भाताचं रोप धड येत नाही, हे मी आजही म्हणतो. माझा बाप म्हणायचा, त्याचा बाप म्हणायचा. माघात ऐन-किंजळीच्या फांद्या तोडायच्या, रानातला पातेरा झाडून पाटीत भरायचा. शेतात रोपासाठी दाढ रचायची, खाली शेण, त्यावर फांद्या, त्यावर पातेरा, वरून मातीचा हात, आणि वारा बघून आग द्यायची. तण मरतं, किडा मरतो, राख मिळते. रोप काळंभोर येतं. तूच ते रोप उपटून मूठ बांधताना म्हणायचीस, यंदा जोर हाय. मग दुसऱ्या दमाला म्हणायचीस, "रोप काळंभोर, आनि डोंगर नागडा."

त्या एका वाक्यावर आपण किती वर्षं भांडलो.

ज्या वर्षी परसातला झरा होळीलाच आटला, त्या वर्षी तू ठरवलंस. आपल्या आणि धर्माच्या घरामागं जो उभा चढ आहे, त्याची अर्धी बाजू तुझी. तिथं झाडू लावायचा नाही, कोयता लावायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. पऱ्याच्या पाण्याकडची अर्धी बाजू माझी, तिथं मी काय करायचं ते करीन.

मी म्हणालो, "मग दाढ काय तुझ्या जिभेवर भाजू?"

"भाजा की. ती तापलेलीच हाय."

मला वाटलं, दोन वर्षं हट्ट करील आणि विसरेल. तू विसरली नाहीस. तुझ्या बाजूला कारवी माजली, उक्षीचे वेल चढले, किंजळी एकमेकींच्या अंगावर वाढल्या, आणि खाली पातेऱ्यावर पातेरा साठत गेला. मी म्हणायचो, जागा फुकट घालवलीस. तू म्हणायचीस, मी कुठं कामाला लावलीय, ती तिची ती करते.

एकदा तू मला भर दुपारी वर नेलंस. कुदळीनं दोन्ही बाजूंना एकेक खड्डा केलास आणि दोन्हीत कळशी कळशी पाणी ओतलंस. माझ्या खड्ड्यात पाणी उभं राहिलं, बशीतल्या चहासारखं. तुझ्या खड्ड्यातलं मी विडी पेटवेपर्यंत गेलं. मी म्हणालो, "तुझ्या खाली घुशीचं बीळ असंल."

"असंल. घुशीला बी कळतं कुठं ऱ्हायचं ते."

मी उठून खाली आलो. तू मागं हसत होतीस, ते ऐकू येत होतं. एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. तुझ्या बाजूच्या मातीचा वास मला आवडायचा. पातेरा बाजूला सारला की खाली काळी, गार, भुसभुशीत माती, तिच्यात बोट मुळापर्यंत जायचं. चैत्राच्या उन्हातसुद्धा ओल असायची. माझ्या बाजूला बोट टोचलं तर नख दुखायचं. पण भात माझ्याच बाजूच्या राखेवर पिकत होतं आणि तू तो भात दोन वेळा जेवत होतीस, तेव्हा मी का बोलू?

पट्टा राखला तो तुझ्या तोंडानं. कुंपण नव्हतंच. धर्माची बायको जनी एकदा पाटीभर पातेरा घेऊन उतरताना सापडली, तेव्हा तू परसातूनच विचारलंस, "जने, सासऱ्यानं आंदण दिलाय का गो?"

"वहिनी, पाचोळा तर हाय. सोनं न्हाय."

"मग ठेव खाली. सोनं असतं तर नेऊ दिलं असतं."

जनीनं पाटी उलटी केली आणि तिथंच बसून तुझा चहा प्यायली. आता तीच जनी त्या ऐनापुढं नारळ घेऊन उभी राहते आणि डोळे मिटते.

तुझ्या पट्ट्याच्या वरचं रान विकलं गेलं, ते तुझ्या डोळ्यांदेखत. घेणारा मुंबईचा. माणूस वाईट नव्हता. मुलं घेऊन आला, आपल्या ओटीवर तुझ्या हातची भाकरी आणि सुकट खाल्ली, म्हणाला, आजी, वर आंब्याची कलमं लावणार. तू म्हणालीस, लाव बाबा, पण आहेत ती झाडं सगळी काढू नको. तो हो म्हणाला आणि मुंबईला गेला. मग कंत्राटदारानं सगळं साफ केलं. लाकूड गेलं, कोळसा गेला, जेसीबीनं आडवा रस्ता पाडला, उताराच्या पोटाला पायऱ्या कापल्या. कलमं काही आली नाहीत. फांद्यांचे ढीग तसेच राहिले.

तेव्हापासून तू रोज संध्याकाळी परसात उभी राहून वर बघायचीस. मी म्हणायचो, काय बघतेस, तोडलं ते तोडलं. तू म्हणायचीस, "आत्ता न्हाय कळायचं. मुळं अजून आत हायत. ती कुजली की बघा."

हे मलाही ठाऊक होतं. बांधावरचा जुना कुंभा तोडला तेव्हा बांध लगेच नाही ढासळला. दोन पावसाळे धरून होता, तिसऱ्याला बसला. मेलेलं मूळ काही दिवस जिवंतासारखंच धरून ठेवतं. ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या रानाचं आपण काय बोलणार, असं म्हणून मी गप्प बसलो, आणि तूही बोलून बोलून शेवटी दमलीस. तुझ्या छातीत तेव्हा दम राहिलाच नव्हता.

तू माघात गेलीस. दाढ भाजायचे दिवस. सगळीकडं धूर होता, आणि अलिबागच्या इस्पितळातून तुला आणलं तेव्हा तू गाडीत खोकत म्हणालीस, "आली वाडी, वास आला." दोन दिवसांनी म्हणालीस, "जन्मभर डोंगराची राख करून शेतात नेलीत. माझी तरी वर न्या."

अस्थी सुरेश हरिहरेश्वरला घेऊन गेला. तुझा भाऊ म्हणाला तसं सगळं रीतीनं झालं. पण उरलेली राख मी एका परातीत घेतली आणि तुझ्या पट्ट्यात, मोठ्या ऐनाच्या खालच्या अंगाला पातेरा सारून पसरली. वरून पातेरा परत ओढला. कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला लागलंय.

वैशाखात वणवा आला. कोणाच्या राबाची ठिणगी की कोणाची विडी, देव जाणे. वरच्या रानात फांद्यांचे ते ढीग वाळून कडकडीत झाले होते, ते पेटले. नुसतं गवत जळतं ते वेगळं. हे तासन् तास एका जागी जळत होतं. आग खाली तुझ्या पट्ट्याच्या कडेला आली तेव्हा मी, धर्मा आणि वाडीतली माणसं ओल्या डहाळ्यांनी झोडत होतो. तुझ्या पातेऱ्यानं कडेला धूर धरला. इतक्या वर्षांचा साठवलेला पाला, तो पेटला असता तर आपलं घरच गेलं असतं. खरं सांगतो, त्या वेळी मी तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. धर्मा म्हणाला, "आता मेलेल्या बायलीला कशाला?" मी म्हणालो, "तिनंच साठवलंय हे." आम्ही कुदळीनं पट्टी खणली, पाला मागं ओढला. आतला पाला ओला होता, म्हणून वाचला.

आग विझल्यावर मी वर गेलो. वरची माती भाजून विटेच्या रंगाची झाली होती. तांब्यातलं पाणी तिच्यावर टाकलं. पाणी आत गेलंच नाही. अळवाच्या पानावरून जावं तसं गोळा होऊन खाली पळालं. मी परत टाकलं. परत तसंच. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. शेतात आम्ही वीतभर थर भाजतो, तेवढ्यापुरतं ठीक. इथं अख्खा डोंगर भाजला होता, त्याच्या खाली मुळं कुजलेली, मध्ये जेसीबीनं कापलेलं पोट, त्याच्या खाली तू, आणि तुझ्या खाली आम्ही.

सुरेश फोनवर म्हणतो, "बाबा, कामोठ्याला या. दोन खोल्या आहेत, तुम्हाला काय कमी आहे?" मी म्हटलं, पावसाळा बघून येतो. तो म्हणाला, "पावसाळा बघायचा नाही म्हणूनच बोलावतोय." पोरगा शहाणा आहे. तुझ्यावर गेलाय. पण मी गेलो तर वर बघणारं कोण?

आणि पाऊस आता तसा राहिला नाही, हे तुला ठाऊकच आहे. पूर्वी दिवसरात्र धरून पडायचा, जमीन पीत राहायची. आता आठवडाभर ऊन, आणि मग एका दुपारी आभाळ सगळं ओतून मोकळं. जमिनीला प्यायला सवड नाही. परवा तसंच झालं. तलाठीबाई नवीन आहे, सुरेशच्या थोरलीएवढी असेल. तिची छत्री उलटी झाली तरी ती भिजत दारोदार फिरली आणि सगळ्यांना शाळेत आणलं. आम्ही बसलो होतो आणि वरून आवाज आला. डंपरनं दगड ओतावेत तसा, पण थांबेना. जनीनं दोन्ही नाती मांडीत दाबून धरल्या. मी भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती.

उघडीप झाल्यावर सगळे धावले. घरं उभी होती. वरच्या रानाचा मोठा लचका निघून खाली आला होता आणि तुझ्या पट्ट्याच्या डोक्यावर थांबला होता. माणसं रडली. मीही रडलो, नाही कशाला म्हणू. मला वाटलं, सगळं भांडण तू जिंकलीस. वाडीसमोर जिंकलीस. त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी जेवढा फुललो तेवढा लग्नातही फुललो नसेन.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या घरी परतले. तलाठीबाई नको म्हणत होती, तिला जनीनं सांगितलं, "बाय, आमची वहिनी हाय वर." मीही घरी आलो, चूल पेटवली. आज उजाडताच काठी घेऊन वर गेलो, एकटा.

ते काय आहे ते लोकांनी खालून बघितलंय. मी जवळून बघितलं. तुझ्या झाडांच्या मागं माझ्या छातीएवढी माती उभी आहे. तिच्यात खोडं, धोंडे, जेसीबीच्या रस्त्याची खडी. ओली, जड, आणि वरून अजून पाणी उतरतंय तिच्यात. मोठा ऐन ताठ आहे. पण दोन किंजळी खाली वाकल्यात, आणि एकीची मुळं एका बाजूनं उचलली गेलीत, ताणलेल्या दाव्यासारखी. तुझी माती खूप पाणी पिते, ते खरं. पण प्यालेलं पाणी तिच्या अंगावर वजन होतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

मग ऐनाच्या खालच्या अंगाला आलो. तिथं पातेरा मधोमध फाटला होता. भेग. वाकून काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. जिथं तुझी राख पसरली त्याच्या हातभर वर ही भेग आहे, उताराला आडवी, दोन्हीकडं झाडीत गेलेली.

मी तिथंच खाली बसलो. मनात आलं, हे सुटलं तर तू घरी येशील. मागच्या दारानं येशील, सगळा डोंगर घेऊन, आणि मला ओळखणार नाहीस.

हे आज सकाळचं. खाली आलो तर वाडी तुझ्या ऐनाकडंच निघालेली. परातीत नारळ, अगरबत्ती. जनी म्हणाली, "भावजी, तुमी फोडा. मान तुमचा हाय."

मी म्हणालो, "नारळ घरी न्या. आनि अंथरूण घेऊन शाळेत चला. सगळे."

धर्मा म्हणाला, "आता काय झालं? थांबलं की ते."

"थांबलं न्हाय. टेकलंय."

"वहिनीनं थांबवलं."

"तुझ्या वहिनीला सोताचा गुडघा धरता येत न्हवता रं. ती डोंगर काय धरणार?"

जनीच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाली, "वर्षश्राद्ध व्हायचंय अजून, आनि तुमी लोकांत असं बोलता."

मी धर्माला दंडाला धरून वर नेलं, भेग दाखवली, काठी घालून दाखवली. तो वाकून बघून म्हणाला, "घुशीचं बीळ असंल." माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. मी त्याला माझी राखेची गोष्ट सांगितली. म्हटलं, मी तिला इथं ठेवलीय आणि मीच सांगतोय, हिच्या भरवशावर राहू नका. माझ्यापेक्षा तिच्यावर कोणाचा जास्त भरवसा असणार?

तर तो म्हणाला, "जन्मभर तिच्याशी भांडलाव, आता मेल्यावर बी सोडत न्हाय तुमी."

"न्हाय सोडत. तिनं बी मला सोडला नसता."

कोणी ऐकेना. समजावून उपयोग नव्हता. मग मी घरात गेलो. गोधडी, तुझा कंदील, तांब्या, औषधाची पिशवी घेतली, दाराला कुलूप घातलं आणि सगळ्यांसमोरून खाली चालत निघालो. मुद्दाम हळू चाललो. सगळ्यांनी बघावं म्हणून. ज्याची बायको देव झाली तोच तिच्या सावलीतून पळतोय, हे दिसावं म्हणून. जनी मागून मोठ्यानं म्हणाली, "बघा गो वहिनी, नवरा पळाला तुमचा."

ऐकून घेतलं. पळालोच.

दुपारी तलाठीबाई आली. मी भेगेचं सांगितलं. ती स्वतः जाऊन बघून आली. तिनं फोन लावले आणि ओरडत घरोघर गेली. मग एकेक घर उतरायला लागलं. आत्ता थोड्या वेळापूर्वी जनी आली. दोन नाती पुढं, काखेत कोंबडी. माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी आणि वाटाण्याची उसळ माझ्यापुढं ठेवली. नातींना माझ्या गोधडीवर बसवलं, माझ्याच, आणि स्वतः दाराशी उभी राहून वर बघत राहिली. तू बघायचीस तशी.

उद्या काही झालं नाही तर वाडी मला हसेल. भादव्यात झालं नाही, दसऱ्यापर्यंत झालं नाही, तर सांगतील की म्हाताऱ्यानं बायकोची बदनामी केली. सांगू देत. तुझं नाव त्याहून मोठं आहे. तू राखलेल्या मातीनं परवा आमचा जीव वाचवला, हे मी कोणालाही सांगेन. पण झाडांवर मी इतका मोठा भार कधी टाकला नसता, तू तर नाहीच नाही. तुझ्यापुढं काल परवापर्यंत पाचोळ्याची पाटी भरायला भिणारी ही माणसं आता तुझ्या अंगावर अख्खा डोंगर टाकून झोपायला निघालीत.

पाऊस पुन्हा लागलाय. परवासारखाच, एकदम.

धर्मा आला नाही. गाय सोडून येत नाही म्हणतो. जनी म्हणाली, "भावजी, ते म्हणतात, वहिनी हाय ना वर." तलाठीबाई सांगून दमली. माझं ऐकेल की नाही ठाऊक नाही, पण त्याच्या गळ्याला धरायला लाज वाटणार नाही असा वाडीत मीच आहे.

हे कागद जनीकडं देतो. मी वर चाललोय, त्याला आणि गाईला आणायला. आम्ही तिघं शाळेकडच्या वळणाच्या खाली येईपर्यंत धर. तेवढंच. त्यानंतर तुझा हात सुटला तरी मी काही बोलणार नाही.